औषध मारणे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, जिल्हावार्तांच्या रकान्यात, एक वाक्य इतक्यांदा छापून येतं की नजर त्याच्यावरून घसरून पुढे जाते : ‘राहत्या घरी विषारी औषध प्राशन केले.’ विषारी आणि औषध हे दोन शब्द एकमेकांच्या गळ्यात, आणि वर ‘प्राशन’, जे एरवी तीर्थाचं नाहीतर अमृताचं व्हायचं! वार्ताहराला दोष देण्यात अर्थ नाही. गावात तो जे ऐकतो त्यालाच तो छापील कपडे चढवतो. गावात म्हणतात, “त्यानं औषध घेतलं.” ताप आला म्हणून गोळी घेतली, असा याचा अर्थ तिथं कोणी लावत नाही.

शेतात औषध ‘मारतात’. कपाशीवर तुडतुडे दिसले की शेजारी सांगतो, एक फवारा मारून घ्या. कृषी सेवा केंद्रातला माणूसही ‘कोणतं औषध देऊ?’ असंच विचारतो. उंदराचं औषध, ढेकणांचं औषध, तणाचं औषध. यातली षष्ठी जरा निरखून बघण्यासारखी आहे. खोकल्याचं औषध खोकला घालवतं, तसं उंदराचं औषध उंदीर घालवतं. व्याकरणाच्या दृष्टीनं सारं ठाकठीक. पण ‘बाळाचं औषध’ म्हटलं की तीच षष्ठी उलटी होते. तिथं जायचं असतं दुखणं, आणि राहायचं असतं बाळ. एकाच प्रत्ययानं एकदा मारायचं आणि एकदा तारायचं, आणि कोणतं कुठं हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. आजवर ओळखलंही. प्रश्न येतो तो दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवल्या जातात तेव्हा.

औषध हा शब्द ‘ओषधी’पासून आला. फळ पिकलं की जी वाळून संपते ती ओषधी, अशी जुनी व्याख्या आहे. म्हणजे ज्वारी, बाजरी, भात या सगळ्या ओषधी. यास्कांनी निरुक्तात या शब्दाची फोड तीन तऱ्हांनी केली आहे. जळजळ पिऊन टाकते ती ओषधी. अंगाची जळजळ होत असता जी प्यायली जाते ती ओषधी. किंवा दोषाला पिते ती ओषधी. पहिल्या दोन्हींत ‘उष्’ म्हणजे जाळणे हा धातू आहे, जो उष्ण आणि उष्मा यांत आपल्याला रोज भेटतो. यास्कांच्या व्युत्पत्त्या आजचे भाषाशास्त्रज्ञ जपूनच घेतात, पण कल्पना सुंदर आहे. आता तणाचं औषध आठवा. ते ओषधींनाच मारतं, आणि उघड्या हाताला लागलं तर जळजळ पीत नाही, देतं.

शब्दानं अशी कूस बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत तो अर्थ ‘दवादारू’ या जोडशब्दात जेमतेम तग धरून आहे. आजारी माणसाची दवादारू केली म्हणजे त्याला गुत्त्यावर नेलं असं नव्हे. एरवी दारू बाटलीत गेली, तोफेत गेली, दिवाळीच्या फटाक्यांत गेली. ‘रसायन’ तर याहून उंचावरून खाली आलं. आयुर्वेदात रसायन म्हणजे म्हातारपण लांबवणारी चिकित्सा, आयुष्य वाढवणारा योग. मग ते शाळेत विज्ञानाची एक शाखा झालं. पुढे रायगड जिल्ह्यात कारखान्यांभोवती वस्ती वाढली तिचं नाव ‘रसायनी’ पडलं, आणि तिथं कीटकनाशकंही तयार होऊ लागली. आज भाजीवाला ‘रसायनमुक्त’ची पाटी लावतो तेव्हा चरकाचा रसायनाध्याय कुणाच्या मनातही येत नाही. ‘सेंद्रिय’चा घोळ तर विचारूच नका. शेतकऱ्याचं सेंद्रिय म्हणजे शेणखत. रसायनशास्त्राचं सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं, आणि त्या हिशेबानं मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशकसुद्धा सेंद्रियच.

विषाकडे वळू. ‘गरळ’चं मूळ ‘गर’, आणि ‘गर’चं नातं गिळण्याशी जोडतात, आपलं ‘गिळणे’ही त्याच घरातलं. म्हणजे जे गिळलं जातं ते गरळ. मराठीनं मात्र ते ओकायला लावलं. गरळ गिळल्याचं आपण कधी ऐकत नाही. ‘विष’ची पारंपरिक व्युत्पत्ती ‘विष्’ म्हणजे व्यापणे या धातूवरून सांगतात : अंगभर पसरतं ते विष. तुलनात्मक भाषाशास्त्र त्याला लॅटिन ‘वीरुस’चा नातलग मानतं, आणि त्या शब्दाचाही अर्थ विषच. तेव्हा व्हायरसला ‘विषाणू’ म्हणताना आपण नकळत एका दूरच्या चुलतभावाला घरी परत आणलं.

या दोन शब्दांत विदर्भातल्या माणसाला कोणता जवळचा? यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. यांनी काही गिळलं नव्हतं. त्या वर्षी कपाशी पुरुषभर वाढली होती. नळी वर धरावी लागली की तुषार तोंडावर आणि छातीवर येणारच. पंप पाठीवर, सदरा घामानं ओला, हवा दमट. ओल्या कातडीतून आणि श्वासातून जे आत शिरलं त्याला ‘गरळ’ लागू पडत नाही, ‘विष’च लागू पडतं : व्यापणारं. “आपण कुठं पितोय?” असं म्हणत उघड्या हातानं द्रावण ढवळणाऱ्याच्या मनात विषाचा अर्थ अजून गिळण्याशी अडकलेला असतो.

आत गेल्यावर काय होतं? ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं घ्या. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवायला ॲसिटिलकोलीन नावाचं द्रव्य सुटतं, आणि निरोप पोचताच एक विकर त्याला मोडून टाकतं. कीटकनाशक त्या विकरालाच धरून बसतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, अंगावर स्नायूंची थरथर, छातीत कफ दाटणं, शेवटी श्वास. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. (डोळ्यात बाहुली दिसते ती आपल्यालाच नव्हे, लॅटिनमध्येही या जागेला छोटी बाहुली असंच म्हणत. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं रूप सगळ्यांनाच दिसलं असणार.)

यावर उतारा ॲट्रोपिन. आणि ॲट्रोपिन येतं बेलाडोनातून, ज्या झाडाचं शास्त्रीय नाव ग्रीकांच्या आयुष्याचा धागा कापणाऱ्या ‘ॲट्रोपॉस’ या देवतेवरून ठेवलं आहे. आपल्या उकिरड्यावर उगवणारा धोतरा त्याच कुळातला. महादेवाला वाहतात तो. संस्कृत ‘धत्तूर’चा मराठीत धोतरा झाला, आणि तोच शब्द युरोपात जाऊन वनस्पतिशास्त्रात ‘दातुरा’ म्हणून बसला. धोतरा खाल्लेल्याचे डोळे विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, माणूस बरळतो. फवारणी बाधलेल्याच्या नेमकं उलट. म्हणून तर एका विषानं दुसरं उतरतं. दवाखान्यात डॉक्टर थोड्या थोड्या वेळानं रोग्याच्या छातीचा आवाज ऐकतात, बाहुली बघतात आणि त्यावर इंजेक्शन किती द्यायचं ते ठरवतात. इथं सगळं ‘किती’वर चालतं.

या ‘किती’ला मराठीनं दिलेलं नाव मला भाषेतल्या उत्तम शब्दांपैकी एक वाटतं : मात्रा. ‘मा’ म्हणजे मोजणे. मात्रा म्हणजे माप, पण आपल्याकडं औषधालाच मात्रा म्हणू लागले. हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटवायची, ती शेवटच्या घटकेला. पाऱ्यासारख्या जिनसा त्यात, म्हणून द्यायची ती चाटणाएवढीच. मोज हेच ज्याचं नाव, ते मोजल्याशिवाय देणार कसं? तीव्र विषही योजना जमली तर उत्तम औषध होतं आणि औषधाची योजना चुकली तर तेच तीव्र विष होतं, असं चरकसंहितेत सांगितलं आहे. युरोपात पॅरासेल्सस या वैद्यानं १५३८मध्ये मांडलं की सगळंच विष आहे, फरक फक्त प्रमाणाचा. आपण त्याच्या पुढे जाऊन ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ असा वाक्प्रचारही करून ठेवला. शेतात मात्र मात्रा गेली आणि ‘झाकण’ आलं. एका पंपाला एक झाकण. कीड हटली नाही तर दोन. दोन बाटल्यांतलं मिळून तीन.

तरी ‘मात्रा’ सगळं उलगडून दाखवत नाही, हेही सांगायला हवं. काही विषं एका दिवशीच्या मापात मावत नाहीत. आयुर्वेदात अगदतंत्र म्हणून विषचिकित्सेची स्वतंत्र शाखा आहे, तिनं याला ‘दूषीविष’ म्हटलं : जोर ओसरलेलं, पण अंगात वर्षानुवर्षं दडून राहिलेलं विष. ढगाळ हवा, अपचन, दिवसाची झोप अशा निमित्तानं ते पुन्हा उफाळतं, असं त्यांचं निरीक्षण. निमित्तांची यादी आज पटो न पटो, संज्ञा अचूक आहे. शिसं हाडात कॅल्शियमची जागा घेऊन दशकानुदशकं बसतं आणि गरोदरपणी किंवा म्हातारपणी हाड झिजू लागलं की पुन्हा रक्तात उतरतं. डीडीटी चरबीत साठतं. भारतात पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं. ज्यांनी त्याआधीची वीस-तीस वर्षं भर चौकात काढली त्यांच्या हाडांत त्याची थोडीबहुत शिल्लक असणार. मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित मात्रा कोणती, तर तशी एकही ज्ञात नाही.

आणि एकाची मात्रा दुसऱ्याची नसते. दुखऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक टोचत. गायीला आराम पडायचा. ती मेली की गिधाडं तिच्यावर उतरत आणि तिच्या अंगातल्या उरल्यासुरल्या औषधानं त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडं त्यात शंभरातली नव्व्याण्णव गेली. कारण २००४मध्ये उघड झालं, २००६मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. इथं कुणी विष मारलं नव्हतं. ते खरोखरीचं औषध होतं.

नशेच्या बाबतीत आपला शब्द विषाच्या शब्दांहून धीट आहे. ‘अंमल’ मूळचा अरबी, अर्थ कृती, कारभार; म्हणून अंमलदार, अंमलबजावणी. तोच अंमल अफूचा चढतो. कोण कुणावर राज्य करतं हे इतक्या स्वच्छ शब्दात सांगणारी भाषा विरळा. अफू मेंदूतल्या ज्या जागा बळकावते तिथून वेदना कळते, सुख कळतं आणि श्वासाचा तालही तिथूनच राखला जातो. सवय झाली की सुखाला जास्त मात्रा लागते, पण श्वास तेवढा सरावत नाही. माणूस मरतो तो या दोहोंमधल्या फटीत. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका १९२०च्या दशकात तान्ह्यांना ‘बाळगोळी’ देऊन पाळीवर जात, आणि तीत अफू असे. पोर रडत नसे. नाव किती लाडिक! ‘बाळाचं औषध’मधली षष्ठी इथंही दोन्ही बाजूंनी चालते.

शेवटचा शब्द ‘बाधणे’. आंबा बाधला, प्रवास बाधला, दृष्ट बाधली, फवारणी बाधली. बाध् म्हणजे पीडा देणे. पण मराठी वाक्यात कर्ता होते ती फवारणी, आणि ज्यानं बाटली विकली, ज्यानं मिश्रण सुचवलं, ज्यानं हातमोजे न देता रोजंदारीवर फवारायला लावलं, ते सगळे वाक्याबाहेर राहतात. ‘विषबाधा झाली’ म्हटलं की ती भूतबाधेसारखी कुठून तरी झाली. मला हा शब्द सरकारी टिपणांत फार सोयीचा वाटत आला आहे.

माझं मत सांगतो : बोलीतून ‘औषध मारणे’ जाणार नाही आणि घालवायची धडपड करू नये, पण छापील मराठीनं तरी ‘विषारी औषध’ सोडावं आणि ‘कीटकनाशक’ किंवा ‘तणनाशक’ लिहावं, पुढे त्याचं नाव लिहावं. बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ साली शाळेतल्या जेवणातून २३ मुलं गेली; तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. ज्या घरात डब्याला ‘औषधाचा डबा’ म्हणतात तिथं तो धुऊन पुन्हा वापरायला हात लवकर धजतो.

बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे बिनधोक नव्हे, त्यातल्या त्यात सौम्य. आणि कुणाला फवारणी बाधलीच, तर दवाखान्यात ‘औषध लागलं’ एवढंच सांगू नका. सगळ्या कीटकनाशकांवर ॲट्रोपिन चालत नाही, आणि ‘औषध’ या शब्दावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. अंगावरचे कपडे उतरवून अंग साबणानं धुवा आणि जाताना बाटली बरोबर घ्या, चिठ्ठीसकट.