सायक्लिन

पेशीविभाजनाची वेळ ठरवणाऱ्या प्रथिनांचा समूह. पेशी यांतील काही प्रथिने विभाजनापूर्वी साठवत जाते आणि ऐन विभाजनात मोडून टाकते. यीस्ट, वनस्पती, प्राणी, माणूस या सर्वांच्या पेशींत सायक्लिने आढळतात.

१९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवविज्ञान प्रयोगशाळेत ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट सी-अर्चिन या काटेरी, गोल समुद्रजीवाच्या अंड्यांवर प्रयोग करत होते. त्यांचा विषय पेशीविभाजन नव्हताच. फलनानंतर अंड्यात प्रथिननिर्मिती कशी वाढते, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी अंड्यांना किरणोत्सारी मेथिओनिन दिले. हे अमिनो आम्ल नव्या प्रथिनांत गुंफले जाते. मग थोड्या थोड्या वेळाने नमुने काढून त्यातली प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी केली आणि एक्स-रे फिल्मवर त्यांचे पट्टे उमटवले. बहुतेक पट्टे वेळेगणिक गडद होत गेले. एक मात्र गडद होता होता विभाजनाच्या सुमारास जवळजवळ पुसला गेला, आणि नंतर पुन्हा उमटू लागला. दर विभाजनाला हेच घडत होते. पेशीचक्राशी लय जुळवणाऱ्या या प्रथिनाला सायक्लिन हे नाव मिळाले.

सायक्लिन तयार होते ते इतर प्रथिनांसारखेच. डीएनएवरील जनुकाची प्रत एम-आरएनएच्या रूपात निघते, हे प्रतिलेखन. रायबोसोम ती प्रत तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि प्रत्येक त्रिकाला नेमलेले अमिनो आम्ल साखळीत जोडतो, हे भाषांतरण. अंड्यात मात्र आईकडून आलेला एम-आरएनएचा साठा तयारच असतो, म्हणून सुरुवातीची विभाजने नव्या प्रतिलेखनावाचून पार पडतात.

सायक्लिन एकटे काही करत नाही. सीडीके हे विकर त्याच्या जोडीशिवाय निष्क्रिय असते. जोडी जमली की ते शेकडो प्रथिनांवर फॉस्फेट चढवते. गुणसूत्रे आखडतात, केंद्रकावरण विरते, तर्कुतंतू उभे राहतात. १९८९ मध्ये अँड्र्यू मरी आणि मार्क किर्शनर यांनी झेनोपस बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातील सगळे एम-आरएनए नष्ट केले आणि त्यात फक्त सी-अर्चिनच्या सायक्लिनचे एम-आरएनए घातले. थांबलेले चक्र पुन्हा फिरू लागले. एका प्रथिनाची निर्मिती चक्र हाकायला पुरते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. न मोडणारे सायक्लिन घातले तेव्हा मात्र अर्क विभाजनावस्थेतच अडकून पडला.

म्हणजे सायक्लिनचे मोडणे त्याच्या बनण्याइतकेच महत्त्वाचे आहे. चढवलेला फॉस्फेट काढता येतो, तुटलेले प्रथिन पुन्हा सांधत नाही. त्यामुळे चक्र मागे फिरत नाही. अकरावीच्या प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की काही पेशींत गुणसूत्रे मध्यावर ओळीने उभी दिसतात. ही मध्यावस्था. समूहातील सायक्लिन बी हे प्रथिन मोडण्याचा क्षण इथलाच. एक जरी गुणसूत्र तर्कुतंतूंना नीट जोडलेले नसेल, तर पेशी हे मोडणे रोखून धरते. सगळी जोडली गेली, की सायक्लिनवर युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण चढते, प्रोटिअसोम ते कापून काढतो आणि गुणसूत्रांचे अर्धे भाग दोन टोकांकडे सरकतात.

सायक्लिनच्या शोधासाठी टिम हंट यांना २००१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासह मिळाले. युबिक्विटिनच्या खुणेने प्रथिने मोडली जातात, या शोधासाठी २००४ चे रसायनशास्त्राचे पारितोषिक दिले गेले.

पेशीला विभाजनचक्रात उतरवणारे सायक्लिन डी अनेक स्तनकर्करोगांत प्रमाणाबाहेर तयार होते. त्याचे जोडीदार सीडीके-४ आणि सीडीके-६ यांना अडवणाऱ्या पाल्बोसायक्लिब या औषधाला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली.