पानाच्या पाठीमागे

पाचगणीच्या रस्त्याला दरडीतून आत्यानं नेच्याचं एक पान खुडलं, उलटं करून माझ्या तळहातावर ठेवलं आणि वरून थाप मारली. पान उचललं तर हातावर पांढऱ्या भुकटीत त्याची अख्खी नक्षी. "नेचा बघायचा तो पाठीमागून. पुढून सगळे सारखेच." त्याचं तेव्हाचं शास्त्रीय नाव चेलॅन्थिस फॅरिनोसा, फॅरिनोसा म्हणजे पिठूळ. पुढे शास्त्रज्ञांनी त्यातलं पहिलं नाव बदललं. आत्यानं ते शेवटपर्यंत मानलं नाही.

आत्या 1950च्या दशकात मुंबईच्या झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकली. आजीला हा नाद अजिबात पटला नव्हता. ज्याला फूल नाही, फळ नाही, देवाला वाहता येत नाही, त्यात पोरीनं काय पाहिलं? त्यात पावसाळ्यात नमुने वाळवायचे म्हणजे घरभर रद्दी. रोज कोरडा कागद बदलायचा, वर पाटा ठेवायचा. आजोबांचा 'लोकसत्ता' वाचून व्हायच्या आत नेच्याखाली जायचा. एकदा कुंडीतल्या नेच्याच्या पानांमागे तपकिरी ठिपके दिसले. आजीनं कीड समजून चुलीतली राख चोळून ते साफ केले. आत्या दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

तिची सगळी विद्या त्या ठिपक्यांत होती. ठिपका म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचा पुंजका. कुणाचे गोल, कुणाचे रेघेसारखे, कुणाचे पानाची कडा दुमडून झाकलेले. नेच्याची ओळख बरीचशी तिथेच पटते. बीजाणू ओल्या मातीत पडला की त्यातून नेचा उगवत नाही, आधी नखाहून लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा येतो. फलन त्याच्यावर होतं आणि त्याला पाण्याचा थर लागतो. म्हणून नेचे विहिरीच्या कठड्याला आणि धबधब्याला धरून असतात.

तिच्या बोलण्यात 'ब्लॅटर-द'आल्मेडा' असं एका दमात यायचं. मला लहानपणी ते एकाच माणसाचं नाव वाटे. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे 1877 साली जन्मलेले स्विस जेझुइट, 1903 साली मुंबईला आले आणि झेवियर्समध्ये शिकवता शिकवता वाळक्या वनस्पतींचा संग्रह त्यांनी उभा केला. ताड, गवतं, काश्मीरची फुलं, कशावर लिहिलं नाही त्यांनी! पण आत्याला त्यांचं एकच पुस्तक ठाऊक असावं असं ती बोले: 1922चं 'द फर्न्स ऑफ बॉम्बे'. त्याआधी भिस्त होती ती मद्रासकडचे वनाधिकारी बेडम यांच्या 1883च्या ग्रंथावर. तो थोरच, पण ब्रिटिश हिंदुस्थान, सिलोन आणि मलाया एका दावणीला बांधलेला. खंडाळ्याच्या दरडीवरचा नेचा त्यात हुडकायचा म्हणजे गावच्या माणसाचा पत्ता देशाच्या नकाशात शोधण्यासारखं. मुंबई इलाख्याचं वेगळं पुस्तक आलं ते ब्लॅटर आणि द'आल्मेडा या दोघांच्या हातून.

दुसरे लेखक द'आल्मेडा मात्र मागे पडले. ब्लॅटर 1934 साली पाचगणीतच गेले. झेवियर्समधला संग्रह त्यांच्या नावानं ओळखला जातो, आणि ते रास्तच आहे. पण नेच्यांचा विषय निघाला आणि कुणी नुसतं 'ब्लॅटर' म्हटलं, की आत्या मध्येच तोडून उरलेलं अर्धं नाव जोडायची.

येत्या पावसात दरडीला नेचा दिसला तर उपटू नका, नुसतं पान उलटून बघा. आणि मागे ठिपके दिसले तर, कृपा करून, राख लावू नका.