बालआसन (मोटारीतील)

बालआसन : मोटारीतून प्रवास करताना लहान मुलाला गाडीच्या मूळ आसनाशी पक्के बांधून ठेवणारे, मुलाच्या अंगमापाचे स्वतंत्र आसन. रोजच्या बोलण्यात त्याला ‘कारसीट’ किंवा ‘बेबी सीट’ म्हणतात. गाडीचा सीटबेल्ट प्रौढांच्या मापाने बेतलेला असतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या अंगावर तो मानेवरून आणि मऊ पोटावरून जातो. अपघातात तो मुलाला सावरत नाही, उलट इजा करू शकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी बालआसन आहे. या नोंदीत मुख्यतः एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या आसनाचा विचार केला आहे. चालायला, बोलायला आणि हट्ट करायला शिकलेल्या या वयात पालकांची कसोटी लागते.

मांडी आणि आसन : आपल्याकडे मूल गाडीत आईच्या, आजीच्या मांडीवर बसते. मायेच्या हातांत ते सुरक्षित आहे, ही भावना खरी आहे. मात्र भौतिकशास्त्राचा हिशेब वेगळा आहे. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी आदळली, तर आतली प्रत्येक न बांधलेली वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर येणाऱ्या वेगाइतका असतो. गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर १२ किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे २४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते, आणि तेही सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात. एवढे बळ कोणत्याही माणसाच्या हातांत नसते. मोठ्या माणसाने स्वतःसह मुलालाही एकाच पट्ट्यात घेतले तर धोका आणखी वाढतो, कारण त्या माणसाचे सगळे वजन मुलाला पट्ट्यावर दाबते.

लहान मुलाचे शरीर म्हणजे मोठ्याची लहान प्रत नव्हे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एकचतुर्थांश असते. प्रौढाचे सातव्या-आठव्या हिश्शाइतके. मानेच्या मणक्यांचे भाग अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, त्यांना सांधणारे अस्थिबंध कोवळे असतात. समोरून धडक बसली की धड पट्ट्याने अडते आणि जड डोके पुढे झेपावते. सगळा ताण मानेवर येतो. तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवून मुलाला बसवले, तर हाच धक्का पाठ, मान आणि डोके यांवर एकसारखा पसरतो, आणि तो आसनाची पाठ झेलते.

इतिहास : १९३०च्या दशकात मुलांसाठी आसने निघाली, ती मुलाला जागेवर ठेवण्यासाठी आणि खिडकीबाहेरचे दिसावे म्हणून, सुरक्षेचा विचार त्यांत नव्हता. १९५९ मध्ये व्होल्व्हो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी तीन बिंदूंचा सीटबेल्ट प्रत्यक्षात आणला. त्यानंतर स्वीडनमधील संशोधक बर्टिल आल्डमन यांनी जेमिनी यानातील अंतराळवीरांच्या आसनांवरून कल्पना घेतली. उड्डाणाचा दाब पाठीवर घेण्यासाठी अंतराळवीर जसे रेलून बसतात, तसे मूल मागे तोंड करून बसले तर धक्का पाठीवर येईल, हा तो विचार. १९६४ मध्ये त्यांच्या पहिल्या नमुन्याची चाचणी झाली. स्वीडनमध्ये मुले सुमारे चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात, ही प्रथा तिथूनच रुजली.

अमेरिकेत १९७१ मध्ये बालआसनांचे पहिले संघीय मानक आले. मात्र प्रत्यक्ष धडक-चाचणीची अट १९८१ पासून लागू झाली. कायद्याने सक्ती करणारे पहिले राज्य टेनेसी. बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांच्या चिकाटीमुळे १९७७ मध्ये तिथे कायदा संमत झाला आणि १९७८ पासून अमलात आला. त्या कायद्यात एक पळवाट राहिली होती : मोठ्या माणसाने मुलाला हातांत धरले असेल तर आसन नसले तरी चालेल. सँडर्स हिला मुलाला चिरडणारी दुरुस्ती म्हणत. १९८१ मध्ये ती रद्द झाली. मांडीवरचे मूल सुरक्षित आहे, ही समजूत तिथेही होती. तिच्याशी झगडूनच हे साधन रूढ झाले. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले.

प्रकार : मुलाचे वजन, उंची आणि बसण्याची दिशा यांवरून आसनांचे चार मुख्य प्रकार पडतात.
(१) तान्ह्या बाळाचे आसन – पाळण्यासारखे, मूठ असलेले, नेहमी मागे तोंड करूनच बसवायचे; साधारणपणे १३ किलोपर्यंत.
(२) परिवर्तनीय आसन – आधी मागे आणि नंतर पुढे तोंड करून वापरता येणारे. लहान मुलासाठी हे सर्वांत उपयोगी, कारण मागे तोंड करून बसण्याचा काळ त्यात लांबवता येतो.
(३) पुढे तोंड असलेले, पाच पट्ट्यांचे आसन – दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून येऊन मधल्या बकलात अडकतात. धक्का खांदे आणि कमरेची हाडे या शरीराच्या भक्कम भागांवर येतो.
(४) बूस्टर – मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा त्याच्या खांद्यावर आणि मांडीच्या वरच्या भागावर नीट बसवणारे. हे मोठ्या मुलांसाठी असते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्यात बसवू नये.

निवड : वयापेक्षा वजन आणि उंची पाहावी, आसनाच्या माहितीपत्रकात दोन्हींच्या मर्यादा दिलेल्या असतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ४४ मध्ये आसनांची विभागणी वजनाने आहे. २०१३ मध्ये आलेल्या नियम क्र. १२९ मध्ये ती उंचीने केली असून बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणीही आवश्यक आहे. या नव्या नियमानुसार मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत मागे तोंड करून बसवणे बंधनकारक आहे. भारतात बालआसनांसाठी ‘एआयएस-०७२’ हे मानक आहे. खरेदी करताना आसनावर मान्यतेची खूण शोधावी. वर्तुळातले ‘ई’ अक्षर आणि नियमाचा क्रमांक असलेले लेबल ही आंतरराष्ट्रीय मान्यतेची खूण होय. आतला कडक सांगाडाच नसलेले, नुसते कापड आणि पट्टे असे स्वस्त ‘कारसीट’ घेऊ नये. धक्का झेलणारे त्यात काहीच नसते.

पुढे तोंड करण्याची घाई नको. अमेरिकन बालरोग अकादमीने २०११ मध्ये दोन वर्षांपर्यंत मागे तोंड ठेवण्याचा सल्ला दिला होता. २०१८ मध्ये तिने वयाची अट काढली आणि आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसेच बसवावे, असे सुचवले. पाय दुमडलेले दिसतात म्हणून अनेक पालक आसन पुढे फिरवतात. मुलांना मांडी घालून बसणे सोपे जाते. पाय आसनाच्या पाठीला टेकले तरी काही बिघडत नाही. डोक्याचे टोक आणि आसनाचा वरचा काठ यांत सुमारे अडीच सेंमीहून कमी अंतर उरले, तर मात्र मागे तोंड करून बसण्यासाठी ते आसन लहान पडले असे समजावे.

आसन, मूल आणि गाडी हे तिन्ही जुळायला हवेत. म्हणून शक्य असेल तर मुलाला आणि गाडीला सोबत घेऊन खरेदीला जावे. लहान हॅचबॅकमध्ये मागे तोंड असलेले आसन पुढच्या सीटची जागा खाते. ते दुकानातच कळलेले बरे. जुने आसन घ्यायचे असेल, तर त्याचा पूर्ण इतिहास ठाऊक असलेल्या आप्तांकडूनच घ्यावे. अपघातात सापडलेले, तडा गेलेले किंवा मुदत संपलेले आसन दिसायला नवे असले तरी वापरू नये. मुदत सांगाड्यावर छापलेली असते; ती बहुधा ६ ते १० वर्षांची असते.

बसवणी : आसन नेहमी मागच्या सीटवर लावावे. पुढच्या सीटसमोर एअरबॅग चालू असताना तिथे मागे तोंड असलेले आसन कधीही लावू नये. फुगणारी एअरबॅग आसनाच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागेच आदळते. भारतात २०२१ मध्ये पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे ही सूचना आता बहुतेक नव्या गाड्यांना लागू आहे. मागच्या सीटची मधली जागा दोन्ही बाजूंपासून दूर असते, पण तिथे नुसता कमरेचा पट्टा असेल किंवा आसन डगमगत असेल तर कडेची जागा घ्यावी. आपल्याकडे डावी बाजू सोयीची, कारण मूल रहदारीकडे न उतरता पदपथाकडे उतरते.

आसन गाडीला जोडण्याच्या दोन पद्धती आहेत : सीटबेल्टने किंवा आयसोफिक्सने. आयसोफिक्स म्हणजे सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत, एकमेकांपासून २८० मिमी अंतरावर असलेल्या दोन पोलादी कड्या. आसनाचे दोन हात त्यांत खटकन अडकतात. पुढे झुकू नये म्हणून वरचा पट्टा किंवा जमिनीला टेकणारा पाय हा तिसरा आधार असतो, तो विसरू नये. आपल्या अनेक गाड्यांत जाड सीटकव्हरखाली बकल आणि या कड्या दडपल्या गेलेल्या असतात. त्या आधी मोकळ्या कराव्यात. सीटबेल्टने बसवताना आसनावर गुडघ्याने भार द्यावा आणि पट्टा पूर्ण ताणावा. अनेक आसनांवर मागे तोंड असताना पट्टा निळ्या आणि पुढे तोंड असताना लाल खुणांमधून न्यायचा असतो. शेवटी पट्टा जातो त्या ठिकाणी आसन धरून हलवून पाहावे. ते अडीच सेंमीहून जास्त सरकता कामा नये.

मुलाचे पट्टे : मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून यावेत, पुढे तोंड असताना पातळीत किंवा किंचित वरून. पट्टे पिळलेले नसावेत. ओढून झाल्यावर गळ्याच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. महाबळेश्वरची थंडी असली तरी जाड जॅकेट घालून पट्टे लावू नयेत. धडकेत कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. पट्टे अंगावर नीट बसवून मग वरून शाल किंवा दुपटे पांघरावे. आसनासोबत न आलेली उशी, टॉवेल किंवा जोडपट्टा खाली-मध्ये घालू नये. पट्टे साबणात भिजवू नयेत. ओल्या फडक्याने पुसावेत.

परिणाम आणि चुका : अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अनुमानानुसार योग्य आसनामुळे मोटारींतील एक वर्षाखालील बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. त्याच देशातल्या पाहणीत निम्म्याच्या आसपास आसने चुकीच्या पद्धतीने वापरलेली आढळली. म्हणून बसवणी झाल्यावर माहितीपत्रक उघडून पुन्हा एकदा पडताळणे हा खरेदीचाच भाग मानावा.

कायदा : भारताच्या मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-बी आले, ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्ट किंवा बालसंयमन साधनाने बांधलेले नसेल, तर १,००० रुपये दंडाची त्यात तरतूद आहे. दुचाकीसाठी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी वेगळे नियम अधिसूचित झाले : चार वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्टा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट आणि वेग ताशी ४० किमीपेक्षा जास्त नको. रिक्षात सीटबेल्टच नसल्याने बालआसन लावता येत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या मोटारींच्या सुरक्षा-मूल्यांकनात गाडीला बालसुरक्षेसाठी ४९ पैकी गुण मिळतात. त्यासाठी दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या पुतळ्यांवर चाचणी होते. गाडी घेताना हा आकडा जरूर पाहावा.

रोजचा वापर : आसनाची सवय पहिल्या दिवसापासून लागते. भाजीबाजारापर्यंतच जायचे असले तरी पट्टा लावावा. एकदा सूट मिळाली की मूल प्रत्येक वेळी ती मागते. घाटात मूल रडले, उलटी झाली किंवा भूक लागली, तर चालत्या गाडीत पट्टा सोडू नये. सुरक्षित जागी गाडी थांबवावी, मुलाला उचलून शांत करावे आणि पुन्हा बसवूनच निघावे. सनरूफमधून उभे राहणारे किंवा दोन सीटांच्या मधून डोकावणारे मूल एका ब्रेकसरशी बाहेर किंवा काचेवर फेकले जाऊ शकते. आसन रिकामे असतानाही बांधलेले असावे, आणि पाण्याची स्टीलची बाटली किंवा डबा मोकळा ठेवू नये. धडकेत त्या वस्तू फेकल्या जातात. गाडीबाहेर आसनाचा पाळणा करून तान्ह्या बाळाला झोपवू नये. मान पुढे झुकून श्वास कोंडू शकतो.

उन्हाळ्यात बकलाचा धातू भाजतो; आधी स्वतःच्या हाताने पाहावा. बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी चढू शकते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यापेक्षा कितीतरी वेगाने तापते. मूल झोपले आहे म्हणून ‘एका मिनिटात येतो’ असे म्हणत त्याला गाडीत ठेवू नये. मोबाइल किंवा पर्स मागच्या सीटवर ठेवली, की उतरताना मागे नजर जातेच.

घरात गाडी चालवणारे आणि मुलाला सांभाळणारे जितके जण असतील, त्या सर्वांना आसन लावता आणि पट्टा ताणता यायला हवा. नातवाला मांडीवर घेण्याची आजीची ओढ समजण्यासारखी आहे; तिने आसनाशेजारी बसावे, मुलाचा हात हातात घ्यावा, गोष्ट सांगावी. घरी पोहोचल्यावर मांडी आहेच.