"तुम्ही इथे आधी आला होता का?"

एखाद्या वेबसाइटवर पहिल्यांदा गेलं की 'स्वागत आहे, नोंदणी करा, पहिल्या खरेदीवर सूट' असं पान उघडतं. दुसऱ्या दिवशी तीच साइट उघडा, स्वागत गायब. कालचा माणूस तोच, हे तिला कळतं कसं? यामागचा इतिहास तीस वर्षांचा आहे आणि तो आपल्या खिशाशी संबंधित आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

साल १९९४. तेव्हाच्या वेबला स्मरणशक्तीच नव्हती. पान मागितलं, सर्व्हरने दिलं, विषय संपला. पुढचं पान मागणारा तोच की दुसरा, हे त्याला कळायचं नाही. अमेरिकेत नेटस्केप कंपनीकडे एमसीआय या टेलिफोन कंपनीचं ऑनलाइन खरेदीचं काम आलं होतं. गिऱ्हाइकाची अर्धवट राहिलेली खरेदी आपल्या सर्व्हरवर साठवायला एमसीआय तयार नव्हती. नेटस्केपचा तरुण इंजिनिअर लू मॉन्टुली याने तोडगा काढला: खूण गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरवर ठेवायची. तीच कुकी.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसंच. बिल्ल्यावरच्या नंबराला आपल्या लेखी अर्थ नसतो, पण स्टँडवाल्याला तेवढा पुरतो. आणि गंमत म्हणजे कुकीचा पहिला वापर दुकानात झालाच नाही. नेटस्केपने तो स्वतःच्या साइटवर केला, आलेला माणूस नवा की जुना एवढंच बघायला!

मॉन्टुलीपुढे सोपा मार्गही होता: प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा नंबर देऊन टाकायचा. तो त्याने मुद्दाम नाकारला, कारण मग सगळ्या साइट्सनी मिळून माणसाचा माग काढला असता. म्हणून नियम केला की ज्याने बिल्ला दिला, त्यालाच तो वाचता येईल.

पळवाट मात्र राहिली. पान एकाचं, पण त्यावरची जाहिरात येते तिसऱ्याच कंपनीकडून. तीही आपला बिल्ला देऊ लागली. हजार साइट्सवर तिचीच जाहिरात असेल, तर हजार ठिकाणी तुम्ही तिच्या ओळखीचे. फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ने लिहिलं, तेव्हा कुठे सामान्य माणसाला कुकी ही भानगड कळली. पुढच्याच वर्षी इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने सांगितलं की असे तिसऱ्याचे बिल्ले मुळात बंदच ठेवा, ज्याला हवेत तो चालू करील. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही ते मनावर घेतलं नाही.

आता खिशाचं. सप्टेंबर २००० मध्ये अॅमेझॉनच्या काही ग्राहकांच्या लक्षात आलं की एकच डीव्हीडी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या भावाने दिसतेय. एकाने कुकी पुसली, तर २६.२४ डॉलरची डीव्हीडी २२.७४ वर आली! म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला महाग, नवख्याला स्वस्त? कंपनी म्हणाली, भाव कुणाला ओळखून लावले नव्हते, ती सरसकट चाचणी होती. तरी ६,८९६ ग्राहकांना सरासरी ३.१० डॉलर परत करावे लागले.

युरोपने २००९ मध्ये कायदा बदलून 'आधी परवानगी घ्या' असं बजावलं. आज आपण न वाचता 'स्वीकारा' दाबतो ती पट्टी तिथूनच आली. गूगलने २०२० मध्ये क्रोममधून तिसऱ्याच्या कुकी काढण्याचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला. आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला.

नव्या माणसाला वेगळं पान दाखवण्यात काही गैर नाही. कोपऱ्यावरचा वाणीही नेहमीच्या गिऱ्हाइकाला वेगळं बोलतो. पण तो आपल्याला ओळखतो तसं आपणही त्याला ओळखतो, आणि भाव शेजारणीला विचारता येतो. इथे ओळख एकतर्फी आहे. बहुतेक लोक सेटिंगला हात लावत नाहीत, त्यामुळे कंपनीने सुरुवातीला जे ठरवलं तेच चालतं. १९९७ मध्ये नेमकं तिथेच घोडं पेंड खाल्लं.

तेव्हा मंडळी, पुढची पट्टी आली की 'नाकारा' कुठे लपवलंय ते एकदा शोधून बघा. आणि मोठी खरेदी करण्याआधी तोच भाव इन्कॉग्निटोमध्ये किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर तपासा. फरक दिसला, तर इथे जरूर सांगा.