लोण्याचा देश आणि मुलांचे डोळे



दिवेलागणीला घरांतल्या घरांत चांचपडणाऱ्या मुलास आपले लोक रातांधळें म्हणत. हा विकार फार जुना. सुश्रुतसंहितेंत तो नक्तांध्य या नांवानें आला असून त्यावर बोकडाचें यकृत् पिंपळीसह देण्यास सांगितलें आहे. उपाय ठाऊक होता. कारण मात्र विसाव्या शतकापर्यंत उमगलें नव्हतें. तें उमगण्यास ज्या एका देशाची हकीकत उपयोगी पडली, ती आज सांगावयाची आहे.

तो देश डेन्मार्क. दुधालोण्याबद्दल सबंध युरोपांत त्याची ख्याति. पण लोण्यास परदेशीं दाम चांगला येई. म्हणून तें बोटींत चढे, आणि गरिबाच्या घरीं उरे तें मलई काढून घेतलेलें दूध व स्वस्त मार्गारीन. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्लोख यांच्याकडे अशा घरांतील मुलें येऊं लागलीं. डोळे कोरडे पडलेले, बुबुळावर व्रण. कित्येकांची दृष्टि कायमची गेली. एका बालगृहांत ब्लोख यांना मुलांचे दोन गट आढळले. एका गटास सबंध दूध मिळे. दुसऱ्याच्या वाट्यास ओटची पेज येई. विकार जडला तो दुसऱ्याच गटांत, आणि कॉड माशाच्या यकृताचें तेल सुरू करतांच तो हटूं लागला.

पुढें 1917 सालीं जर्मन पाणबुड्यांमुळें समुद्रमार्ग धोक्याचे झाले. मार्गारीनसाठीं लागणारा परदेशी माल येईना, लोणी पूर्वीसारखें बाहेर जाईना. डिसेंबरांत सरकारनें लोण्याचें रेशनिंग सुरू केलें. दर माणशीं आठवड्यास 250 ग्रॅम, तेंही गरिबास परवडेल अशा भावानें. 1918 सालीं हा नेत्रविकार त्या देशांतून जवळजवळ नाहींसा झाला. देशाचें लोणी देशांतल्या मुलांच्या ताटांत पडलें, एवढाच काय तो फरक!

लोण्यांत असें होतें तरी काय? 1913 सालीं अमेरिकेंत मॅक्कॉलम व डेव्हिस यांनीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, लोणी व अंड्याचा बलक यांत वाढीस आवश्यक असा एक घटक आहे. त्यासच पुढें जीवनसत्त्व ‘अ’ म्हणूं लागले. 1933 सालीं जॉर्ज वाल्ड यांस तें प्रत्यक्ष नेत्रपटलांत सांपडलें. मंद उजेडांत पाहण्यास लागणारें नेत्रपटलांतील रंगद्रव्य याच सत्त्वापासून घडतें. तें अपुरें पडलें कीं संध्याकाळींच अंधार होतो.

भारतांत 1970 सालीं लहान मुलांस या सत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. पण तें रोजच्या जेवणांतूनही मिळतें: दूध व अंडीं यांतून तयार, आणि शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा यांतील रंगद्रव्यापासून शरीर तें बनवितें. भाजीबरोबर थोडें तेल वा तूप असावें, कारण हें सत्त्व स्निग्ध पदार्थांतच विरघळतें. मात्र गाजरानें चष्मा उतरत नाहीं. आणि औषधी मात्रा डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊं नये, अतिरेक अपायकारक आहे.

पोट भरलें एवढें पाहून भागत नाहीं, हाच या हकीकतीचा बोध. डेन्मार्कांतील त्या आया निष्काळजी नव्हत्या. त्या बाळांस दूधच पाजीत होत्या. त्या दुधांतून काय काढून घेतलें गेलें होतें, हें मात्र त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें.