हेग विरुद्ध सी. आय. ओ.

हेग विरुद्ध सी. आय. ओ. : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ५ जून १९३९ रोजीचा निकाल. न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी या शहराने कामगार संघटकांच्या सभांना व पत्रकवाटपाला केलेली मनाई या निकालाने बेकायदा ठरली. रस्ते आणि उद्याने शहराच्या मालकीची असली, तरी ती लोकांसाठी सांभाळलेली ठेव आहे, हे तत्त्व या खटल्यातून रूढ झाले. नागरी स्वातंत्र्य आणि मालमत्तेचा हक्क यांचे हाडवैर असल्याचे पुष्कळदा गृहीत धरले जाते. मालकी कोणाची आणि कशासाठी, हे आधी विचारले तर त्यांतला बराचसा विरोध मिटतो, हीच या खटल्याची खरी शिकवण आहे.

फ्रँक हेग हे १९१७ ते १९४७ अशी तीस वर्षे जर्सी सिटीचे महापौर होते. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने कामगारांना संघटित होण्याचा हक्क दिला. त्याची माहिती देण्यासाठी सी. आय. ओ. या कामगार महासंघाचे संघटक १९३७ च्या अखेरीस शहरात आले, तेव्हा पोलिसांनी त्यांची पत्रके जप्त केली आणि कित्येकांना शहराच्या हद्दीबाहेर नेऊन सोडले. ३० एप्रिल १९३८ रोजी समाजवादी नेते नॉर्मन थॉमस जर्नल स्क्वेअर येथे भाषणासाठी आले असता त्यांनाही पकडून फेरीबोटीने न्यूयॉर्कला परत धाडण्यात आले. या कारवाईला नियमांचा आधार होता. सभेसाठी किमान तीन दिवस आधी सार्वजनिक सुरक्षा संचालकाकडे अर्ज करावा लागे. दंगल किंवा गोंधळ टाळण्यासाठी परवाना नाकारणे योग्य आहे, असे संचालकाचे मत झाले की तो नाकारता येई. कागदावर ही अट वाजवी दिसते. पण दंगल होईल की नाही हे ठरवणारा अधिकारी एकच आणि त्याच्या मताला पुराव्याची अट नाही, अशी ती रचना होती.

शहराचा मुख्य युक्तिवाद मालकीचा होता. घरमालक आपल्या अंगणात कोणाला येऊ द्यायचे हे ठरवतो, तसेच शहरही आपल्या उद्यानाबाबत ठरवू शकते, असे त्याचे सार. त्याला १८९७ च्या ‘डेव्हिस विरुद्ध मॅसॅच्युसेट्स’ या निकालाचा आधार होता. न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांनी हा आधार निर्णायक मानला नाही. जमिनीची मालकी कागदोपत्री कोणाकडेही असो, रस्ते व उद्याने पूर्वापार लोकांनी जमण्यासाठी आणि सार्वजनिक प्रश्नांची चर्चा करण्यासाठीच राखलेली आहेत, असे त्यांनी म्हटले. विश्वस्ताला ठेवीचा विनियोग मूळ हेतूविरुद्ध करता येत नाही. शहरालाही तो करता येणार नाही. न्यायमूर्ती हार्लन स्टोन निकालाशी सहमत होते, पण त्यांनी आधार वेगळा घेतला. रॉबर्ट्स यांनी हा हक्क अमेरिकेच्या नागरिकत्वाशी जोडला, तर स्टोन यांनी तो प्रत्येक व्यक्तीला लाभणाऱ्या स्वातंत्र्याच्या हमीतून काढला. दुसऱ्या देशाचे पारपत्र घेऊन अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला स्टोन यांची मांडणीच अधिक उपयोगाची आहे.

निकालावरचे आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. हेग लोकांनी निवडलेले होते. मग न निवडलेल्या न्यायाधीशांनी शहराच्या कारभारात हात का घालावा? याचे उत्तर असे की, मतदारांना विरोधी बाजू ऐकूच दिली नाही, तर त्यांच्या कौलाचे वजन घटते. सभा मोकळी ठेवून न्यायालय निवडणुकीचाच पाया राखते. दुसरा आक्षेप सुव्यवस्थेचा. गर्दीने रस्ता अडतो, डोकी भडकतात, हे खरेच आहे. पण सुव्यवस्था राखणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि सभाच बंद करणे हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. वेळ, जागा व वाहतूक यांपुरते नियमन न्यायालयाने पुढे १९४१ च्या ‘कॉक्स विरुद्ध न्यू हॅम्पशायर’मध्ये मान्यही केले. बंदी आली ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

या तर्काचे पडसाद भारतातही उमटले. ‘हिंमतलाल शाह विरुद्ध पोलिस आयुक्त, अहमदाबाद’ या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मुंबई पोलिस अधिनियमाखालचा सभापरवान्याचा एक नियम रद्द केला, कारण परवाना कोणत्या कारणाने नाकारायचा याचे कोणतेच बंधन त्यात नव्हते. मात्र ठेवीचे तत्त्व खासगी मालकाच्या अंगणाला आपोआप लागू होत नाही, आणि ते योग्यच आहे. घरमालकाला नकोसा पाहुणा नाकारण्याचा हक्क हेही स्वातंत्र्यच होय. सरकारला तसा हक्क नाही, कारण त्याच्या ताब्यातली जागा मुळात इतरांची आहे. हा फरक अमेरिकेच्या संविधानात लिहिलेला असूनही जर्सी सिटीत तो आपोआप अमलात आला नाही. ज्यांची पत्रके हिसकावली गेली त्यांनी जिल्हा न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, म्हणून आला. लिखित हक्काला बळ येते ते असा दावा चालवण्याची तयारी आणि सोय या दोन्हींमुळे. म्हणून न्यायालयाचे दार सामान्य माणसाला परवडेल असे ठेवणे हाही त्या हक्काचाच भाग मानला पाहिजे.