औंढ्याचा स्वस्त रेडिओ

एकेकाळी औंढ्यात रेडिओ घ्यायचा म्हटला की एकच परीक्षा: रेडिओ सिलोन लागतं का? 1952 पासून त्यावर हिंदी गाण्यांची बिनाका गीतमाला शॉर्टवेव्हवरून येई. मीडियम वेव्हचा एकपट्टी सेट स्वस्त, पण त्यावर सिलोन नाही. दोनपट्टीला पैसे जास्त. निवड तिथेच अडे.

औंढा नागनाथ तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. परभणीला 1968 मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि गणित बदललं. आता जवळच्या केंद्राचा मराठी आवाज साध्या सेटवरही स्वच्छ येऊ लागला. सिलोन मात्र रात्री लाटांसारखं जवळ यायचं, दूर जायचं. दोष सेटचा नसे. शॉर्टवेव्ह वातावरणातल्या आयनांबरावरून परावर्तित होऊन येते आणि त्याचे थर सतत हलतात. तरी बोल लागे तो दुकानदारालाच!

विजेची वाट न पाहणारा ट्रान्झिस्टर शेतापर्यंत गेला. मालकाची खरी तक्रार आवाजाची नव्हे, सेलच्या खर्चाची. वर पोस्टात भरायचं रेडिओचं लायसन्स. ते 1980 च्या दशकात रद्द झालं. तोवर रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला टू-इन-वन आला होता. सेट घेताना लोक आता भक्तिगीतांची कॅसेट लावून तबल्याचा ठेका कसा घुमतो, ते आधी ऐकत.